घरगुती वाइनचं किट कोकणात घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सावंतवाडी, देवगड, गुहागर, अलिबाग, वसई, आणि मधूनच परदेशात गेलेले आपले लोक, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून एकत्र टाकतोय. नवीन असाल तर पहिले पाच आधी वाचा, पुढचं नंतर लागेल तसं.

१. वाइन किट म्हणजे नक्की काय मिळतं? बॉक्स उघडून पाणी घातलं की वाइन तयार, असं आहे का?

नाही हो. किट या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकतात आणि गोंधळ इथेच सुरू होतो. एक सामानाचं किट, म्हणजे बादली किंवा काचेचा कार्बॉय (अरुंद तोंडाची मोठी बाटली), झाकण, एअरलॉक (आतला गॅस बाहेर सोडणारी पण बाहेरची हवा आत न घेणारी पाण्याची नळी), रबरी बूच, हायड्रोमीटर (रस पाण्यापेक्षा किती दाट आहे ते दाखवणारं तरंगतं साधन), सायफनची म्हणजे एका भांड्यातून दुसऱ्यात उतरवायची नळी, ब्रश. दुसरं मालाचं किट, म्हणजे द्राक्षाच्या रसाची पिशवी किंवा घट्ट कॉन्सन्ट्रेट, आंबवायच्या यीस्टची पुडी, बेन्टोनाइट (निवळायला घालायची माती), सल्फाइट (जंतू मारणारी पावडर), सॉर्बेट (यीस्ट पुन्हा सुरू होऊ नये म्हणून) आणि वाइन निवळायची पावडर. सामान एकदा घ्यायचं, माल दरवेळी. आपल्याकडे फळं दारात असतात त्यामुळे खरी गरज सामानाची आणि यीस्ट, एन्झाइम वगैरे बारीकसारीक पुड्यांची असते, रसाच्या पिशवीची नाही. ऑर्डर देण्याआधी फोटोवर न जाता खालची यादी वाचा, फोटोत बाटली आणि ग्लास छान दिसतात पण ते आत नसतात.

२. घरच्यापुरती वाइन केली तर कायद्याने चालते ना?

महाराष्ट्रात नाही चालत. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ च्या कलम १२ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करायला बंदी आहे आणि त्यात "घरच्यापुरतं असेल तर माफ" अशी सोय नाही. वसईकडे ख्रिस्ती घरांत नाताळची वाइन घालायची पद्धत जुनी आहे हे सगळ्यांना माहीत आहे, पण पद्धत असणं आणि परवाना असणं या दोन वेगळ्या गोष्टी. तेव्हा किटवर पैसे घालायच्या आधी जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क कार्यालयात जाऊन विचारा, विक्रेता काय सांगतो त्यावर जाऊ नका, त्याला माल खपवायचाय. गोवा आणि कर्नाटकाचे नियम वेगळे, तिथल्यांनी तिथल्या एक्साइजला विचारावं. विकायचा विचार असेल तर परवाना लागेलच, वर एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०१८ चे मद्यपेयांचे नियमही पाळावे लागतील. अमेरिकेत १९७८ च्या कायद्यानंतर केंद्राच्या पातळीवर घरगुती वाइनला एका घरामागे मर्यादा आहे, दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन, त्यामुळे तिकडच्या भावंडांना हा प्रश्न सहसा पडत नाही. खालचं सगळं ज्यांना करायची मुभा आहे त्यांच्यासाठी.

३. पहिल्यांदा केवढं घेऊ? साडेचार लिटर की तेवीस?

साडेचार. सहा बाटल्या होतात, बिघडलं तरी जीव जळत नाही, आणि मुख्य म्हणजे एवढं छोटं भांडं उन्हाळ्यात थंड ठेवता येतं. तेवीस लिटरचं म्हणजे तीस बाटल्या, भरलेला कार्बॉय एकट्याने उचलवत नाही आणि काचेचा असेल तर उचलूच नये. एक गोष्ट मात्र बघा, तेवीस लिटरच्या किटमध्ये पहिल्या टप्प्याची बादली तीस लिटरच्या आसपास हवी कारण फेस वर येतो, आणि दुसऱ्या टप्प्याचं भांडं बरोब्बर तेवीसचं हवं कारण तिथे वर हवा राहिली की वाइन सिरक्यासारखी आंबट पडायला लागते. एकच बादली देऊन "कम्प्लीट सेट" म्हणणारे किट अर्धवट आहे.

४. चांगलं किट ओळखायचं कसं? सगळ्यांच्या जाहिरातीत सारखंच लिहिलेलं असतं.

आधी सांगतो काय बघायचं नाही: वस्तूंचा आकडा. "४० पीस किट" मध्ये तीस बुचं धरलेली असतात, मग राहिलं काय? माझं मत सरळ आहे, किटमध्ये किती वस्तू आहेत यापेक्षा त्या आपल्या दमट आणि गरम हवेत चालतील का हे बघून घ्यायचं.

बादली फूड ग्रेड एचडीपीई असावी, खाली त्रिकोणात २ चा आकडा असतो. नुसता आकडा पुरत नाही, फूड ग्रेड असं लिहिलेलंही हवं, रंगाच्या रिकाम्या डब्यावरही तोच त्रिकोण असतो. आतून हात फिरवा, चरे असतील तर परत करा, त्या चऱ्यांत जंतू बसतात आणि मग कितीही धुवा. झाकण घरी आल्या आल्या तपासायचं: एअरलॉकमध्ये पाणी घालायचं, झाकण सगळीकडून दाबून बसवायचं आणि मधोमध तळहाताने हलकेच दाब देऊन तसाच धरायचा. एअरलॉकमधलं पाणी एका बाजूला चढलं आणि तिथेच थांबलं तर झाकण हवाबंद आहे. चढून लगेच खाली आलं तर कुठूनतरी हवा जातेय, बहुतेक वेळा झाकणाच्या भोकातली रबरी रिंग सैल असते. ती रिंग बोटाने दाबून बघा, लवचिक हवी, कडक झालेली असेल तर किट गोदामात वर्षभर पडून होतं असं समजा.

पुड्यांवर तारखा हव्यात. यीस्टवर नुसतं "वाइन यीस्ट" लिहिलेलं आणि जातीचं नाव नाही, असं किट मी घेणार नाही, का ते प्र. ५ मध्ये. हायड्रोमीटर पाहिजेच, त्याच्यासोबत उंच नळकांडं पण पाहिजे, नाहीतर तो तरंगवणार कशात? सायफनची नळी पारदर्शक आणि वास नसलेली, सिलिकॉनची असेल तर उत्तम, आणि तोंडाने ओढून सायफन सुरू करायला सांगणारं माहितीपत्रक असेल तर ते बाजूला ठेवा. थर्मामीटर बहुतेक किटमध्ये नसतो, वेगळा घ्या. छोटा डिजिटल काटा पण वेगळा घ्या, सोनं मोजतात तसा, त्याचं कारण प्र. १२ मध्ये.

५. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये घरातच ३४ डिग्री असतं. किटमधलं यीस्ट चालेल का?

हा कोकणातला पहिला प्रश्न असायला हवा, पण लोक बिघडल्यावर विचारतात. किटच्या कागदावर २० ते २४ डिग्री लिहिलेलं असतं, ते कॅनडा किंवा इंग्लंडच्या तळघराचं गणित. यीस्ट काम करताना स्वतः उष्णता सोडतं, त्यामुळे खोलीत ३३ असेल तर बादलीत त्याहून तीन-चार जास्त धरा. एवढ्या गरमीत एकतर यीस्ट मधेच थांबतं आणि रस गोड राहतो, नाहीतर वाइन होते पण नेलपॉलिशसारखा वास आणि घशाला चरचर.

म्हणून जात बघा. लालविन ब्रँडची के१-व्ही१११६ ही १० ते ३५ डिग्रीपर्यंत चालते, आपल्याकडे हीच पहिली पसंती. ईसी-१११८ सगळीकडे मिळते, १० ते ३०, मजबूत आहे, १८ टक्के अल्कोहोलपर्यंत तग धरते. ७१बी फळांच्या वाइनला चवीला छान, १५ ते ३०, पण मे महिन्यात नको. ३५ ही मर्यादा आहे, तिथपर्यंत न्यायचं असं नाही.

थंड ठेवायला लोक ओलं गोणपाट गुंडाळतात. नाशिकच्या कोरड्या हवेत त्याने चांगला फरक पडतो, आपल्या हवेत पाणी उडतच नाही तर थंड कसं होणार, थोडंसंच होतं. त्यापेक्षा बादली मोठ्या टबात पाण्यात ठेवा आणि त्या पाण्यात बर्फ केलेल्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदला. जागा माजघरातली, पत्र्याखालची पडवी नको. पण खरा उपाय वेगळाच आहे: फळं मेमध्ये, गर किंवा रस काढून डीप फ्रीजरला टाका, आणि वाइन डिसेंबर-जानेवारीत घाला. लाईट जाते हे मान्य, पण भरलेला फ्रीजर झाकण न उघडता बराच वेळ तग धरतो.

६. हायड्रोमीटर खराब आलाय, साध्या पाण्यात १.००० दाखवत नाही. परत करू का?

थांबा. आतल्या कागदावर बारीक अक्षरात तापमान लिहिलेलं असतं, २० डिग्री सेल्सिअस किंवा ६० फॅरनहाइट. तुमच्या नळाचं पाणी ३० डिग्रीचं असेल तर २० वाला हायड्रोमीटर ०.९९७-०.९९८ दाखवणार, आणि तो बरोबरच आहे. फ्रीजचं पाणी मिसळून २० वर आणा आणि मग बघा. तेव्हाही दोन-तीन घरं चुकत असेल तर आतली कागदी पट्टी सरकलेली आहे, परत करा. रस मोजतानाही हेच, ३० डिग्रीला आलेल्या आकड्यात ०.००२ ते ०.००३ मिळवायचे.

७. आजी काही मोजत नव्हती, मग हायड्रोमीटर हवाच का?

हवाच. किती साखर घालायची, आंबवण संपलं की नुसतं थांबलंय आणि बाटलीत भरायला सुरक्षित आहे का, या तिन्हीचं उत्तर तोच देतो. सुरुवातीच्या आकड्यातून शेवटचा वजा करा, १३१ ने गुणा, अल्कोहोलचा टक्का आला. १.०८५ वरून ०.९९५ वर आलं तर साधारण पावणेबारा टक्के. साखरेचा अंदाज असा की लिटरमागे १७ ग्रॅम साखरेने एक टक्का. लोक चवीने पाच वाट्या साखर घालतात आणि मग "यीस्ट डुप्लिकेट आहे" म्हणतात.

८. प्लास्टिक बरं की काच? आणि लोणच्याची चिनी मातीची बरणी चालेल का?

पहिले आठ-दहा दिवस प्लास्टिकची बादली बरी, गर ढवळता येतो, धुता येते. नंतर महिनोन्महिने ठेवायला काच. चिनी मातीच्या बरणीचा मोह मला पण होतो, पण तिला एअरलॉक बसत नाही, जुन्या बरण्यांच्या चकाकीत शिसं असू शकतं आणि आंबट रस ते ओढून घेतो, आणि लोणच्याचा वास काही केल्या जात नाही. ॲल्युमिनियम, तांबं, लोखंड यांत रातांब्याचा (कोकमाच्या फळाचा) किंवा करवंदाचा रस अजिबात नको. स्टेनलेस स्टील चालतं.

९. दोन दिवस झाले, एअरलॉक बुडबुडत नाही. किट खराब आहे का?

आधी प्र. ४ मधली झाकणाची तपासणी करा, दहातल्या बहुतेक वेळा गॅस झाकणातल्या रबरी रिंगच्या बाजूने जात असतो आणि आत सगळं व्यवस्थित चाललेलं असतं. झाकण उघडून फेस आणि वास बघा, हायड्रोमीटर टाका, आकडा उतरत असेल तर बुडबुड्यांची काळजी सोडा. उतरत नसेल तर यीस्ट मेलेलं असू शकतं. पुढच्या वेळी आधी तपासायचं: हाताला सोसेल अशा कोमट पाण्यात चिमूटभर साखर आणि थोडं यीस्ट, पंधरा-वीस मिनिटांत फेसाळलं पाहिजे.

१०. एअरलॉकमध्ये मुंग्या आणि चिलटं जातात, काय करू?

गोड वास आला की येणारच. चिलटं जास्त वाईट, त्यांच्या पायाला व्हिनेगरचे जंतू असतात आणि एक जरी आत पोचलं तरी वाइनचा सिरका होऊ शकतो. एअरलॉकमध्ये साध्या पाण्याऐवजी सल्फाइटचं पाणी घाला, वरची भोकाची टोपी लावा (स्वस्त किटमध्ये ती नेमकी नसते), आणि पाणी उडून रेषेखाली गेलंय का ते दर दोन दिवसांनी बघा. बादली ज्या टबात ठेवलीय त्याच्या पाण्याने मुंग्या आपोआप थांबतात. तीन तुकड्यांचा एअरलॉक घ्या, उघडून धुता येतो. वळणावळणाचा एकसंध असतो त्यात एकदा गर अडकला की झालं.

११. भाऊ परदेशातून किट आणतोय, कुठलं सांगू?

रसाची पिशवी आणायला सांगू नका, तेवीस लिटरच्या किटमध्ये दहा ते सोळा लिटर रस असतो, विमानाच्या सामानात ते कसं बसणार. त्यापेक्षा हायड्रोमीटर, यीस्टच्या पाच-सहा पुड्या, पेक्टिक एन्झाइम (फळाचा चिकटपणा मोडून वाइन निवळवणारं), चांगली रबरी बुचं आणि ऑटो-सायफन (तोंड न लावता चालू होणारा सायफन), हे सगळं थोड्या जागेत मावतं. यीस्टची ५ ग्रॅमची एक पुडी तेवीस लिटरपर्यंत पुरते. तो तिकडेच करणार असेल तर त्याला सांगा की एकाच मापाच्या दोन किटमध्ये ज्यात रस जास्त आणि पाणी कमी घालायचंय ते घे, त्यात वाइनला दाटपणा चांगला येतो. तारीख बघून घे, कॉन्सन्ट्रेट जुना किंवा तापलेला असेल तर तपकिरी पडतो आणि वाइनला करपट साखरेसारखी चव येते. पांढऱ्या वाइनमध्ये हे लगेच कळतं.

१२. सल्फाइट म्हणजे आपलं सरबतात घालतात ते केएमएस का? चिमूटभर घातलं तर चालतं?

हो तेच, पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, कोकणात आंब्याच्या स्क्वॅशसाठी वापरतात. पण चिमूट नको. साडेचार लिटरला सुमारे ०.४ ग्रॅम लागतं, कॅम्पडेनची म्हणजे सल्फाइटची तयार एक गोळी तेवढीच असते. चहाचा एक सपाट चमचा म्हणजे जवळजवळ सहा ग्रॅम, म्हणजे पंधरा पट, मग यीस्ट मरणार आणि काडेपेटीचा वास येणार. म्हणून काटा. घरात कुणाला दमा असेल तर सल्फाइटने त्रास होऊ शकतो, त्यांना आधी सांगा. उघडी पुडी दमटपणाने निकामी होते, गोळा झालेली पावडर टाकून द्या.

१३. बोंडू (काजूचं फळ), रातांबे, हापूस, जांभूळ, करवंद, यांच्यासाठी वेगळं किट लागतं का?

सामान तेच, पुड्या बदलतात. इथे द्राक्षाचं मालाचं किट घेऊन पैसे फुकट घालवू नका.

हापूस किंवा रायवळ, दोन्हीत पेक्टिन (फळातला चिकट पदार्थ) भरपूर, एन्झाइम नसेल तर वाइन कधीच निवळणार नाही, सहा महिने झाले तरी पन्ह्यासारखी दिसेल. क्रम लक्षात ठेवा: आधी सल्फाइट, बारा तासांनी एन्झाइम, आणखी बारा तासांनी यीस्ट. हापूस वाइनमध्ये घालणं मला तरी जिवावर येतं, रायवळ वास जास्त सोडतो आणि स्वस्त.

बोंडू फेब्रुवारी ते मे. झाडाखाली पडला की त्याच दिवशी पिळायचा, दुसऱ्या दिवशी वास मारतो. घशाला खवखवतो ते टॅनिनमुळे, त्यामुळे किटमधली टॅनिनची पुडी यात घालायची नाही. साबुदाण्याची पातळ खळ रसात घालून रात्रभर ठेवली की टॅनिन खाली बसतं, वरचा नितळ रस घ्यायचा. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या जातींचे बोंडू मोठे आणि रसाळ असतात, पिळायला बरे.

रातांबे इतके आंबट की यीस्ट सुरूच होत नाही, पाणी घालून पातळ करावं लागतं. किटमध्ये पीएच पट्ट्या किंवा आम्ल मोजायचा संच असेल तर तो इथे कामी येतो. पीएच ३.२ ते ३.६ च्या दरम्यान आणा. आणि ॲसिड ब्लेंडची, म्हणजे आंबटपणा वाढवायची, पुडी? तिला हातही लावू नका. मिठात घातलेल्या आगळाची (कोकमाच्या खारवलेल्या रसाची) वाइन होत नाही, हे पण विचारतात म्हणून सांगितलं.

जांभूळ आणि करवंद नवशिक्यांना सगळ्यात सोपी, रंग सुरेख येतो. बिया फोडू नका, कडू होते.

१४. विहिरीचं पाणी चालेल का?

चवीला गोडं असेल तर उकळून गार करून चालेल. खाडीजवळची मचूळ विहीर नको. जांभ्यातल्या ज्या विहिरीच्या पाण्याला लालसर झाक असते किंवा बादलीला डाग पडतात ते पण नको, लोहामुळे वाइन गढूळ होते. नळाच्या पाण्यात क्लोरीनचा वास येत असेल तर उकळून उघडं ठेवा. याच कारणाने सामान ब्लीचिंगने धुवायचं नाही, वास बुचापर्यंत पोचतो.

१५. घरच्या वाइनने डोळे जातात म्हणतात, खरंय का?

फळ नुसतं आंबवलं तर मिथेनॉल तयार होतं पण अगदी कमी, फळातल्या पेक्टिनमधून. डोळे जाण्याच्या ज्या बातम्या येतात त्या भेसळीच्या दारूच्या, जिच्यात कारखान्यातलं मिथेनॉल मिसळलेलं असतं. पण आंबवलेलं उकळून वाफ धरायचा, म्हणजे भट्टी लावायचा विचार मनातही आणू नका, तोही गुन्हाच आहे, आग लागायची भीती वेगळीच. किटसोबत कुणी "ॲड-ऑन" म्हणून तांब्याची नळी विकत असेल तर त्या दुकानात परत जाऊ नका.

१६. गोड वाइन हवी म्हणून साखर घालून बाटल्या भरल्या, दोन फुटल्या. किटमधल्या बाटल्या हलक्या होत्या का?

बाटल्यांचा दोष नाही. यीस्ट जिवंत होतं, नवी साखर मिळाली, गॅस झाला. उरलेल्या बाटल्या आत्ताच्या आत्ता फ्रीजमध्ये ठेवा, वर जाड टॉवेल टाकून, आणि गार झाल्यावर एकेक उघडा. गोड करायची तर आधी हायड्रोमीटरचा आकडा आठवडाभर एकाच जागी हवा, वाइन नितळ हवी, मग सल्फाइट आणि सॉर्बेट दोन्ही, आणि त्यानंतर साखर. नुसतं सॉर्बेट चालत्या यीस्टला थांबवत नाही. यात एक अपवाद: तुम्ही वाइन मऊ करायला मॅलोलॅक्टिक जंतू वापरले असतील तर सॉर्बेट घालू नका, जिरेनियमच्या पानांसारखा उग्र वास येतो आणि तो कशानेही जात नाही.

१७. बूच की स्क्रू कॅप?

आपल्याकडे स्क्रू कॅप. पावसाळ्यात बुचावर बुरशी धरते, आणि स्वस्त किटमधलं ठोकून बसवायचं यंत्र बूच वाकडंच घालतं. बूचच हवं असेल तर दोन दांड्यांचा कॉर्कर आणि नऊ नंबरची बुचं घ्या, वर मेण लावा.

१८. पावसाळाभर किट नुसतं पडून राहणार, कसं ठेवू?

यीस्ट आणि एन्झाइम हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये. बादली पूर्ण वाळवून, झाकण न लावता, उलटी न घालता आडवी ठेवा, बंद ठेवली की कुबट वास धरते. नळीत पाण्याचा थेंब राहिला तर आतून काळी पडते, टांगून वाळवा, आणि काळी पडलीच तर धुवत बसू नका, नवी घ्या, ती स्वस्तातली वस्तू आहे.

१९. कुणी वापरलेलं किट विकतोय, घेऊ का?

काच, हायड्रोमीटर, कॉर्कर बिनधास्त घ्या, काचेला तडा नाही एवढं उजेडात धरून बघा. बादली घेऊ नका, कारण प्र. ४ मधले चरे. रबर आणि नळ्या फुकट मिळाल्या तरी नव्या लावा. पुड्या मिळाल्या आणि तारीख उलटलेली असेल तर बेन्टोनाइट तेवढं ठेवा, ती माती आहे, बाकी केरात.